ओल्या बागेतलं एरिंजियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. थंड, ओल्या बागेत एरिंजियम, म्हणजे काटेरी पानांचं एक फुलझाड, लावण्याबद्दल मी लेख लिहिला, त्यावर आपण एका दमात बरंच सुनावलंत. काटेरी झाड कोरड्या वाळूतलं, ओल्यात कुजणारच. दोन रोपांतलं अंतर दिलेलं नाही. फोटो सगळे उन्हाळ्यातले. आणि शेवटी, 'नवख्यांना असा सल्ला देणं हा बेजबाबदारपणा आहे.'

अंतराचं मान्य. 60 सेंटिमीटर तरी ठेवावं.

आता बेजबाबदारपणाचं. मतभेद असू द्या की, कुणाची हरकत नाही. पण एवढा मोठा शब्द तोंडावर फेकण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायची तसदी घेतली असतीत तर बरं झालं असतं. 'कुठलंही एरिंजियम लावा' असं मी म्हटलेलंच नाही. लेख एरिंजियमच्या अ‍ॅगॅव्हिफोलियम या जातीवर आहे. आपण धरून बसलात ती समुद्रकाठच्या वाळूतली मॅरिटिमम ही दुसरी जात. ते ओल्या चिकणमातीत तग धरत नाही, हे मला शिकवायला नको. अ‍ॅगॅव्हिफोलियम अर्जेंटिनाकडचं : तलवारीसारखी हिरवीगार पानं, कडांना बाही फाडतील असे दाते, दीड मीटरपर्यंत चढणारा दांडा, त्यावर हिरवट-पांढरी बोंडं. त्याचंच भावंड पँडॅनिफोलियम तर दलदलीच्या जागी वाढतं. आणि काटे दिसले की वाळवंटच आठवायला हवं असं थोडंच आहे? हे कूळ गाजर-कोथिंबिरीचं आहे, निवडुंगाचं नव्हे.

अर्धं आयुष्य रोपवाटिकेत गेलंय माझं, पुस्तकं चाळून लिहीत नाही मी. कुजलेलं रोप कधी हातात घेऊन पाहिलंय? मधलं पान हलकेच ओढलं की सुटून येतं, बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, घाण वास. खाली खोदावं तर सोटमूळ बहुतेकदा पांढरं, टणक. म्हणजे सड वरून सुरू झालेली असते. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी आणि त्यात अडकलेला पाचोळा गड्ड्याला, म्हणजे पानं मुळाला जुळतात त्या बुडख्याला, खातो. नुसत्या पावसाच्या नावाने बोटं मोडून काय होणार? म्हणूनच लिहिलं होतं : रोप जरा उंचवट्यावर लावा, गड्ड्याभोवती जाड खडी पसरा, हिवाळ्याआधी सडकी पानं काढून टाका. जमीन ओली चालेल, पाणी तुंबलेलं चालणार नाही. खताचा सोस नको, दांडे लोळतात. आणि जागा एकदाच काय ती ठरवा. सोटमुळामुळे मोठं रोप हलवलेलं त्याला सोसत नाही.

यातलं एक वाक्य तरी आपल्या प्रतिक्रियेत आहे का? नाही. 'कुजणारच' म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

फोटोंबद्दल काय बोलू? फुलं उन्हाळ्यात येतात, म्हणून फोटो उन्हाळ्यातले. हिवाळ्यातलेही टाकेन, पानं तेव्हाही हिरवीच असतात. आपल्याकडे कुठलं एरिंजियम मेलं, त्याचं पूर्ण नाव मात्र कळवा. मग बोलू.