सगळ्याच खेळांना जुगाराच्या पंगतीला बसवू नका

आज मुलाच्या शाळेत पालकसभा होती. ‘ऑनलाइन गेमिंगचा विळखा’ या विषयावर बोलायला आलेल्या पाहुण्यांनी पैसे लावायची रमी, बंदुकांचे खेळ आणि कोडी या सगळ्यांची एकच मोट बांधली आणि ‘स्क्रीनवर खेळून आजवर जगाचे कोणते भले झाले?’ असे विचारून भरपूर टाळ्या घेतल्या. प्रश्नोत्तरांना वेळच ठेवलेला नव्हता, म्हणून उत्तर इथे लिहितो आहे.

माझी भाची अकरावीत असताना पाय मोडून घरी होती. त्या काळात तिला ‘फोल्डइट’चा नाद लागला. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने 2008 मध्ये आणलेला हा खेळ. पडद्यावर प्रथिनाची वेडीवाकडी साखळी येते आणि ती माउसने ओढून, वळवून, दुमडून अशी बसवायची असते की गुण वाढत जातील. अणू एकमेकांवर आदळले की लाल काटेरी गोळे उमटतात; पाण्याला न मानवणारे नारिंगी भाग बाहेर राहिले की गुण घटतात. ताईला तो शेवयांचा गुंता वाटे आणि त्यावरून घरात रोज खटके उडत.

तसाच गुंता सोडवत याच खेळाच्या खेळाडूंनी 2011 मध्ये काय केले, ते पाहुण्यांनी ऐकायला हवे होते. माकडांना एड्ससारखा आजार जडवणाऱ्या एका विषाणूतील एन्झाइमची (तेही एक प्रथिनच) रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ हुलकावणी देत होती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचे इतके चांगले प्रारूप बनवले की त्यावरून नेमकी रचना उलगडता आली, आणि शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये खेळाडूंच्या गटांचीही नावे लागली. त्यांच्यातील बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी काडीचाही संबंध नव्हता.

ज्या बंदुकांच्या खेळांच्या नावाने आज बोटे मोडली गेली, तशाच ‘बॉर्डरलँड्स 3’ मध्ये 2020 साली एक छोटे कोडे बसवण्यात आले. रंगीत ठोकळे जुळवता जुळवता खेळाडू प्रत्यक्षात आपल्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांच्या डीएनएची जुळणी करत होते. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी ते खेळले. एवढे मनुष्यबळ कोणत्या प्रयोगशाळेला पगार देऊन परवडले असते?

मान्य आहे, बहुतेक खेळ वेळ खाण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि पैशांच्या खेळांत बुडालेली घरे मीही पाहिली आहेत. पण 2025 च्या कायद्यानेसुद्धा पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, वेगळे काढले. संसदेला दिसलेला फरक व्याख्यात्याला दिसू नये, याचा संताप येतो. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज आता अल्फाफोल्ड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली बसल्या जागी देते, हेही खरे. तरी फोल्डइटच्या खेळाडूंनी स्वतः रचलेली नवी प्रथिने प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार झाली आणि 2019 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आली. ज्यांच्या प्रयोगशाळेच्या सहभागातून हा खेळ घडला, त्या डेव्हिड बेकर यांना 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही प्रथिनांच्या आरेखनासाठीच.

माझ्या भाचीने कोणताही विषाणू उलगडला नाही. जीवशास्त्राच्या नावाने नाक मुरडणाऱ्या त्या मुलीने नारिंगी भाग आत का ढकलायचा, हे समजून घेण्यासाठी प्रथिनांचे प्रकरण आपण होऊन उघडले, एवढेच झाले. आणि एका संध्याकाळी ताई तिच्या शेजारी बसून ‘अगं, तो डावीकडचा अजून बाहेरच राहिलाय’ असे सांगू लागली, तेव्हा मला हसू आवरेना. पाहुण्यांवरचा राग हे लिहिता लिहिता निवळला आहे, कारण त्यांच्या घरीही एखादा नातू मोबाइलला चिकटून बसलेला असणार आणि ती काळजी खोटी नाही.

शाळेची संगणक-प्रयोगशाळा शनिवारी दुपारी बंदच असते. ती दोन तास उघडावी, फोल्डइट विनामूल्य आहे, ते मुलांना दाखवायला मी स्वतः येतो आणि इंग्रजी सूचना मराठीत समजावून सांगतो, असे पत्र मुख्याध्यापकांना आत्ताच पाठवले आहे. उत्तर आले की इथेच कळवतो.