साताऱ्याची जमीन दुमडणार नाही

सातारा-कराडकडच्या गटांत एक संदेश जोरात फिरतोय. भारताची प्लेट, म्हणजे भूकवचाचा प्रचंड तुकडा, आशियाला धडकली म्हणून सह्याद्री वर आला, ती टक्कर चालूच असल्याने कोयनेला धक्के बसतात, आणि 'संगणकाच्या मॉडेलनुसार' आपली जमीन दुमडून दुभंगणार, असा त्याचा मजकूर. लोक घाबरून विचारतात, म्हणून एकेक दावा घेतो.

आधी सह्याद्री. अजिंक्यताऱ्यावरून यवतेश्वराच्या डोंगराकडे बघा. बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पडलेत. टकरीत सापडलेले थर वाकतात, उलटे होतात; हिमालयात ते तसे दिसतात. आपला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला तोही त्याच सुमाराला. भारताची ती तुटलेली कड झिजत मागे सरकली आणि आजचा घाट झाला.

आता मॉडेल. त्याचं नाव घेऊन भीती घातली जाते याचा मला खरा राग येतो, कारण ते नेमकं उलट सांगतं. १९८२ साली फिलिप इंग्लंड आणि डॅन मॅकेन्झी या भूशास्त्रज्ञांनी आशियाचा भूखंड एखाद्या घट्ट, फार सावकाश वाहणाऱ्या थरासारखा मानून गणित मांडलं. गुऱ्हाळातल्या दाट काकवीत फळी रेटावी तसं. पुढे ढीग होतो, पण ढीग वाढला की स्वतःच्याच वजनानं पसरू लागतो. रेटा आणि वजन, या दोन बळांच्या ओढाताणीतून तिबेटचं पठार समजतं. तिथलं कवच जवळपास ७० किलोमीटर जाड आहे, म्हणजे आपल्या दुप्पट. ते आता पूर्व-पश्चिम ताणलंही जातंय. या गणितात भारत कोण? फळी! थंड, टणक, स्वतः न वाकणारी. जीपीएसची मोजणीही तेच दाखवते: द्वीपकल्प वर्षाला काही सेंटिमीटर सरकतं, पण जवळजवळ अखंड. आणि भूकंपाची तारीख असलं मॉडेल देतच नाही.

राहिली कोयना. प्लेटची कड इथून हजाराहून जास्त किलोमीटर लांब आहे. उत्तरेच्या टकरीचा ताण प्लेटच्या पोटापर्यंत पोचतो, संदेशात तेवढं खरं. पण धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि मागोमाग धक्के सुरू झाले; वारणेचा जलाशय भरल्यावर त्या बाजूलाही तेच झालं. पाण्याचा भार आणि खोल भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेले भ्रंश, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगा, सरकतात. हे तपासायला कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं. बेसॉल्टखाली ग्रॅनाइट लागला, आणि धक्के त्याच जुन्या खडकात उगम पावतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या मोठ्या भूकंपात माणसं गेली ती बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. पाटणकडे घर बांधत असाल तर जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा घातलाय का, हे गवंड्याला जरूर विचारा.