सातासमुद्रापार धुणं

आमच्या घरातली मोठी भांडणं सगळी बॅगा भरताना झालेली आहेत. एरवी वर्षभर आम्ही बरे असतो.

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला लंडनच्या लेकीने आम्हाला १८ रात्रींची क्रूझ भेट दिली. साउदॅम्प्टनहून निघायचं, स्पेन, फ्रान्स, इटलीला पाय लावून परत साउदॅम्प्टन. आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये ही बातमी लिफ्ट तळमजल्याला पोचायच्या आत पसरली. तोवरचा आमचा जलप्रवास म्हणजे तलावपाळीवरची पायडलची बोट. तीसुद्धा ह्यांच्या पायात गोळा आल्यामुळे मीच एकटीने काठाला आणली होती.

विमानात माणशी २३ किलो. त्यातला निम्मा भार लेकीचा: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या आणि तिने न मागितलेलं कुकरचं झाकण. उरलेल्या जागेत १८ रात्रींचे कपडे, त्यातून तीन रात्री 'फॉर्मल', म्हणजे लग्नाला आल्यासारखं नटून जेवायचं. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांनी कागद घेऊन भारनियमन केलं.

"तीन बनियन पुरतात," हे म्हणाले. "एक अंगात, एक दोरीवर, एक कपाटात. ही साखळी तुटत नाही."

"आणि दोरीवरचा वाळला नाही तर?"

"अगं, समुद्रावर वारा असतो!"

हे वाक्य मी जपून ठेवलं. बायकांना अशी वाक्यं पुढे लागतात.

मग गोखले रोडवरून खरेदी झाली. नायलॉनची दोरी, एक डझन चिमटे, धुण्याच्या साबणाच्या वडीचे चार तुकडे करून ठेवायला डबी, आणि प्रवासाची छोटी इस्त्री. आमच्या मावशी, म्हणजे ज्या आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात, त्या हे सगळं बघत होत्या. मशीन आमचं असलं तरी वाळत घालण्याचं खातं त्यांचं. शर्ट नेहमी उलटा, खालच्या काठाला चिमटा. खांद्याला चिमटा लावला की तिथे कान उभे राहतात, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षांत मी एकदाच खांद्याला चिमटा लावला होता. तो त्यांनी माझ्यादेखत काढला.

"एवढे पैसे भरून जाताय आणि कपडे तुम्हीच धुणार?" त्यांनी विचारलं. ह्यांनी छताच्या दांड्यांकडे बघायला सुरुवात केली.

इस्त्री साउदॅम्प्टनलाच गेली. बोटीत चढण्याआधी बॅगा यंत्रातून जातात, त्यात ह्यांची बॅग बाजूला निघाली. इस्त्री, मेणबत्ती, तापणारी म्हणून कुठलीही वस्तू खोलीत चालत नाही. भर समुद्रात आग लागली तर माणसं पळणार कुठे, हे मला लगेच पटलं. ह्यांना नाही पटलं. ३२ वर्षं विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाची इस्त्री आगीच्या भीतीने जप्त व्हावी! पावती मिळाली. उतरताना परत, म्हणे.

खोली मात्र देखणी. कपाटात एक कागदी पिशवी आणि लाँड्रीचं दरपत्रक होतं. ह्यांनी ते कोर्टाची नोटीस वाचावी तसं उभ्यानेच वाचलं.

"बनियन अडीच पौंड. मोज्यांची जोडी दोन पौंड. अगं, मोजे धुवायला दोनशे रुपये! ठाणे स्टेशनबाहेर एवढ्यात नवे येतात."

"मग धुवायला ठाण्याला पाठवा."

त्याच कपाटात दुसरा कागद होता. बाल्कनीत काहीही वाळत घालू नये. वाऱ्याने उडतं आणि आगीलाही निमित्त होतं. मी तो मोठ्याने वाचला आणि मग जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. समुद्रावर वारा होताच. फक्त आमच्या बनियनला त्याला भेटायची मनाई होती.

तेव्हा धुणं न्हाणीघरात. हे न्हाणीघर म्हणजे उभं कपाट. त्यात पडदा असा की, नळ सोडला की आत येऊन अंगाला चिकटतो. भिंतीवरच्या डबीतून दोरी ओढायची आणि समोरच्या खुंटीला अडकवायची. लांबी जेमतेम चार फूट. त्यावर दोन बनियन, एक परकर आणि माझा गाऊन घातला की पाहुण्यांची पंगत पूर्ण. बाकीच्यांनी थांबायचं. पुढे लेकीने फोनवर सांगितलं की खोलीच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक घेतले असते तर हवं तिथे चिकटले असते. ही माहिती लोकांना नेहमी खरेदी झाल्यावर मिळते.

दुसऱ्या दिवशी बिस्केचा उपसागर लागला. हा खवळण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याने लौकिक राखला. बेसिनमध्ये मी गाऊन भिजत घातलेला. पाणी एकदा आरशाच्या बाजूला जाई, एकदा माझ्या. दोरीवरचे कपडे, लोकल सांधे बदलताना उभी गर्दी झुकते तसे, सगळे मिळून डावीकडे, मग सगळे मिळून उजवीकडे. कोणी कोणाला 'सॉरी' म्हणत नव्हतं. हे पलंगावर डोळे मिटून पडले होते. तिथूनच विचारलं, "पिळलेस ना नीट?"

पिळण्याची युक्ती मात्र ह्यांची, आणि चांगली आहे. कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर ओला कपडा, दोन्हीची गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहून पायांनी तुडवायचं. टॉवेल पाणी पितो, कपडा रात्रीत वाळतो. अडचण टॉवेलांची. आमच्या खोलीचा मुलगा रोज संध्याकाळी टॉवेलांचे प्राणी करून पलंगावर ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती. काय तो हत्ती! सोंड वर केलेला, माझा चष्मा लावलेला. मी फोटो काढतेय तोवर ह्यांनी त्याची सोंड सोडवून त्यात बनियन गुंडाळला आणि वर उभे राहिले. पुढे ससा गेला, मग माकड गेलं. मला रात्री झोपताना वाईट वाटायचं.

त्या मुलापासून हे सगळं लपवायचं, असं आमचं ठरलं होतं. तो खोली आवरायला आला की आम्ही त्याच्यासमोरच मराठीत खलबतं करायचो. "हा गेला की दोरी ओढू." "परकर पलंगाखाली सरकव, ह्याला दिसता कामा नये." "ह्याला काय कळतंय!" चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी तो दारात थांबला आणि म्हणाला, "आंटी, हांव मडगांवचो. मराठी कळटा म्हाका."

मी पलंगावर बसले. परकर खालीच होता.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट त्यानेच सांगितलं की वरच्या मजल्यावर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली आहे. मशीन, ड्रायर, इस्त्री, सगळं.

"किती पौंड?" हे.

"फुकट, अंकल."

ह्यांच्या चेहऱ्यावर मी असा उजेड लेकीचा निकाल लागला त्या दिवशी पाहिला होता.

लाँड्री सकाळी आठला उघडते. हे दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पावणेआठलाच गेले आणि पडलेला चेहरा घेऊन परत आले. रात्री स्पेनच्या वेळेप्रमाणे घड्याळं एक तास पुढे गेली होती. तिथे पावणेनऊ वाजले होते आणि सहाही मशीन गरगरत होती.

मग मीच गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि वयाच्या दहाव्या वर्षात शिरले. मी चरईतल्या चाळीत वाढले. खाली सामाईक नळ, पहाटे तासभर पाणी. हंडा ठेवला की नंबर लागला. हंडा सोडून वर गेलात आणि तुमची पाळी आली, तर मागची हंडा सरकवणार आणि वर तुम्हालाच बोलणार. इथे हंड्याऐवजी कपड्यांची पिशवी. बाकी घटना तीच. इंग्रज रांगेचे पक्के, असं आपण ऐकलेलं असतं. ते बस स्टॉपवर असतील. लाँड्रीत मोत्यांची माळ घातलेल्या एका आजीबाईंनी आमचे कपडे दमट असतानाच ड्रायरमधून काढून फळीवर ठेवले आणि स्वतःचे आत लोटले. वर ह्यांचा बनियन. तोही सगळ्यात जुना.

मी बँकेच्या काउंटरवर २८ वर्षं काढली आहेत. शिवाय त्याआधी नळावर दहा. मी आवाज चढवला नाही. नुसतं "एक्सक्यूज मी" म्हटलं, पण ते अशा सुरात की नळावरची कोणीही बाई ओळखेल. आजीबाईंनी ओळखलं. त्यांचंही बालपण कुठल्यातरी नळावर गेलं असणार. त्यांनी आपले कपडे काढले, आमचे आत घातले आणि दहा मिनिटांनी मला त्यांच्या सुनेबद्दल सांगायला लागल्या.

त्या दिवसापासून ह्यांना ड्रायरच्या राखणीला बसवलं. दोन दिवसांत ह्यांनी तिथला कारभार हाती घेतला. कपडे वाळायला इतका वेळ का लागतो, तर कोणी जाळीतली लव काढत नाही. जाळी तुंबली की गरम हवा खेळत नाही. हे रोज सहाही ड्रायरची जाळी साफ करायचे. पाच नंबरचं हीटर अर्धंच तापतंय, हे निदानही त्यांचंच. लोक येऊन विचारू लागले, "आज कुठला चांगला आहे?" आणि हे बोट करायचे. सबस्टेशन सोडल्यापासून इतका मान त्यांना मिळाला नव्हता.

बार्सिलोनाच्या आदल्या दिवशी एका गोऱ्या गृहस्थाने कपड्यांची घडी उचलली, ह्यांना "थँक यू" म्हटलं आणि हातात दोन पौंडांचं नाणं ठेवलं. खोलीत येऊन ह्यांनी ते मला दाखवलं. मी संतापले. आपण काय तिथले नोकर आहोत? गव्हाळ माणूस मशीनशेजारी दिसला की झालं का ह्या गोऱ्यांचं?

हे नाणं उलटसुलट करत होते.

"एका मोजेजोडीचे सुटले," म्हणाले. पण ते नाणं त्यांनी खर्च केलं नाही, आणि त्याबद्दल त्या दिवशी आणखी काही बोललेही नाहीत.

नेपल्सला उतरलो. गाइड आम्हाला व्हेसूव्हियस दाखवत होती. हे मान वर करून भलतीकडेच बघत होते. त्या शहराच्या जुन्या गल्ल्यांत या बाल्कनीपासून त्या बाल्कनीपर्यंत दोऱ्या आहेत आणि दोऱ्यांवर चादरी, परकर, लहान पोरांची झबली, सगळं राजरोस, रस्त्यावरच्या डोक्यांच्या वर. कुणाला मनाई नाही, कुठे कागद नाही. ह्यांनी ज्वालामुखीचे दोन फोटो काढले आणि दोऱ्यांचे चाळीस.

तिथून पाँपेई. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडलेलं आख्खं गाव, आणि त्या गावात काय निघावं? लाँड्री. दगडी हौद, एकातून दुसऱ्यात पाणी उतरेल असे. गाइडने सांगितलं की कामगार हौदात उभे राहून पायांनी कपडे तुडवायचे. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की टॉवेलाची युक्ती रोमन साम्राज्यानेच ह्यांच्यावरून उचलली असावी. पुढे ती म्हणाली की साबणाच्या जागी शिळं मूत्र वापरायचे, त्यातल्या अमोनियाने तेलकट डाग निघतात. त्यासाठी लोकांचं मूत्र गोळा व्हायचं. व्हेस्पेशियन नावाच्या सम्राटाने तर त्यावर करही बसवला होता.

"कर कोणी भरायचा? देणाऱ्याने की नेणाऱ्याने?" ह्यांनी विचारलं. बसमधले बत्तीस लोक वळले. "नेणाऱ्याने," म्हणाली ती. ह्यांना ते न्याय्य वाटलं.

शेवटच्या फॉर्मल रात्री लाँड्रीत दुपारपासून इस्त्रीला रांग होती. मी पैठणी नेसले. पैठणी धुवायची नसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण मला त्या प्रवासात कळला. हे बंदगळ्यात. खाली तिसरा बनियन, साखळीतला शेवटचा. दालनात झुंबरं, वाद्यवृंद, आणि आमच्या ओळखीचे फक्त लाँड्रीतले लोक. कोणाच्या चड्ड्यांवर बदकं आहेत हे माहीत असलेल्या माणसांशी आम्ही काळे टाय आणि मोत्यांच्या माळा लावून हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. मोत्यांच्या आजींनी मला मिठी मारली. तेवढ्यात ते नाणेवाले गृहस्थ समोर आले. त्यांनी ह्यांना पाहिलं, बंदगळा पाहिला, मला पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाले. ह्यांनी खिशातून दोन पौंड काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"पाच नंबर अजून नादुरुस्त आहे," हे म्हणाले. "चार नंबरला लावा."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात परत आलो. पाऊस चार दिवस उघडला नव्हता. घरात दांड्यांवर मावशींनी आमच्या मागे धुतलेले पडदे अजून दमट होते आणि सगळ्या घराला तो ओळखीचा कुबट वास. इस्त्री साउदॅम्प्टनहून परत मिळाली होती. हे ती घेऊन पडद्यांशी झटत होते. मावशींनी बॅगा उघडल्या आणि थबकल्या.

"वहिनी, हे तर सगळं धुतलेलंच आहे! मग तिकडं बघितलंत काय?"

मी फोन दिला. त्यांनी ओट्याला टेकून एकेक फोटो सरकवला. नेपल्स, दोरी, दोरी, दोरी. एका फोटोवर थांबल्या, दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"काय बाई तरी," त्या म्हणाल्या. "शर्टाला खांद्यावर चिमटे लावलेत."