मुका मार, स्कॅन आणि साखरपाणी

गळीत हंगाम सुरू झाला, की रात्री दिवे-रिफ्लेक्टर नसलेल्या ऊसट्रॉल्यांना मागून दुचाकी धडकतात. अशा दिवसांत कराडपासून जतपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "डोक्याला मार लागला तर घाबरू नका. माणूस बेशुद्ध नाही, उलटी नाही, कानातून रक्त नाही, म्हणजे नुसता मुका मार. शंका असेल तर लगेच सिटी स्कॅन करा, नॉर्मल आला की विषय संपला. सूज उतरायचं इंजेक्शन मारून घ्या. २४ तास झोपू देऊ नका, साखरपाणी पाजा. प्यायलेला असेल तर उतरू द्या."

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत. गोत्यात आणतात ती तीच.

"बेशुद्ध नाही, म्हणजे मुका मार." कानाच्या वर, कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते आणि हाड व मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. अशी माणसं पडल्यावर उठतात, गाडी उचलतात, नाव-गाव सांगतात, टपरीवर चहासुद्धा घेतात. कारण कवटीत थोडी सवड असते. मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी मिळून साधारण १५० मिली असतं. कवटीतलं काही पाणी खाली मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि दाब आटोक्यात राहतो. ही सवड संपली की पुढच्या थोड्याशा रक्तानेही दाब एकदम चढतो. म्हणून तासभर बरा वाटणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत ग्लानीत जाऊ शकतो. मग बहुतेक वेळा मार लागलेल्या बाजूची डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उजेडाला आकसत नाही.

कानातल्या रक्ताचंही तसंच. कवटीच्या तळाचं हाड मोडलं तर नाकातून किंवा कानातून नुसतं मेंदूभोवतीचं पाणी येऊ शकतं. दोन्ही डोळ्यांभोवतीचं काळं आणि कानामागचा निळा डाग तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतो. पाणी येत असेल तर कानात बोळा कोंबू नका; वरून स्वच्छ कापड धरा.

आता स्कॅन. ताजं रक्त, मोडलेलं हाड, सरकलेला मेंदू हे सिटी स्कॅनमध्ये काही मिनिटांत दिसतं, आणि ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायला तेच लागतं. पण जोराच्या हिसक्याने मेंदूतले तंतू ताणले-तुटले असतील, तर सिटी कोरा येऊ शकतो. बारीक रक्तठिपके एमआरआयमध्ये दिसतात. साध्या कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला नुसता हादरा बसल्यावर, सिटी नॉर्मलच असतो, तरी डोकेदुखी, विसर पडणं, उजेड सहन न होणं हा त्रास खराच. शिवाय पहिल्या तासात काढलेला स्कॅन पहिल्या तासाचीच गोष्ट सांगतो. तेव्हा दिसलेला छोटा डाग पहिल्या २४ तासांत वाढू शकतो, म्हणून शुद्ध घसरली की स्कॅन पुन्हा.

उलट बाजूने, टेंगूळ आलेल्या प्रत्येकाला स्कॅन लागतही नाही. क्षणभर शुद्ध गेली किंवा आठवण पुसली असेल, तर डॉक्टर पुढच्या खुणा बघतात: दोन तासांनंतरही गोंधळ, दोन किंवा जास्त उलट्या, कवटी मोडल्याची चिन्हं, वय ६५ किंवा पुढे, पायी चालताना वाहनाची धडक, तीन फुटांवरून पडणं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा आकडी आली असेल, तर या यादीची वाटही न बघता स्कॅन करायचा असतो.

रुग्ण किती शुद्धीत आहे हे नजरेने ठरवू नये. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी दिलेली मोजणी आजही वापरात आहे: डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण गुण १५, कमीत कमी ३. १३ ते १५ ला सौम्य म्हणतात. पण आठ वाजता १५ असलेला माणूस नऊला १३ वर आला, तर कागदावर तो सौम्यच राहतो आणि प्रत्यक्षात तातडीचा होतो. म्हणून प्रत्येक गुणाशेजारी वेळ लिहिलेली हवी.

सूज उतरायचं इंजेक्शन म्हणजे बहुधा स्टेरॉइड. २००४ साली दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. तेव्हा नातेवाइकांनी त्याचा आग्रह धरू नये. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक टाळावं.

झोपेने मेंदूला इजा होत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्याला झोपू द्यावं. सांगितलं असेल तर दोन-चार तासांनी उठवून नाव, जागा विचारावी. हाक मारून, हलवूनही नीट जागा होत नसेल तर ती झोप नव्हे. लगेच १०८.

साखरपाणी तर नकोच. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं आणि ऑक्सिजन घसरतो. पहिल्या तासांत जखमी मेंदूचं सर्वांत जास्त नुकसान दोन गोष्टी करतात: ९० टक्क्यांखालचा ऑक्सिजन आणि ९० खाली गेलेलं वरचं बीपी. जत-आटपाडीहून सांगली-मिरज गाठायला तास-दीड तास सहज जातो. तोवर मान सरळ, श्वास मोकळा, उलटी आली तर डोकं, मान आणि धड एकत्र धरून कुशीवर.

दारूचं शेवटी, कारण इथे मोठी माणसंही फसतात. वास येतोय म्हणून गुंगी दारूचीच असं धरायचं नाही. ग्लुकोमीटरने साखर बघायची, दर अर्ध्या तासाला गुण मोजायचे. दारू उतरताना गुण वाढायला हवेत. ते तिथेच अडकले किंवा घसरले, तर स्कॅन.

आणि घरातले आबा किंवा आजी न्हाणीत घसरून पडल्या असतील, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरीनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मेसेजमधले २४ तास अगदीच अपुरे. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, शिरा ताणलेल्या असतात, रक्त हळूहळू झिरपतं. तीन-चार आठवड्यांनी पाय ओढत चालणं, नावं विसरणं, दुपारभर पेंगणं सुरू होतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. स्कॅनमध्ये कवटीलगत चंद्रकोर दिसते. कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढलं, की बरेच जण पुन्हा चालू-बोलू लागतात.