सूर्य उडालाय

महाबळेश्वरचा सूर्योदय दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र रविवारी उगवलेला सूर्य गुरुवारी रात्रीही क्षितिजावरच लोंबकळत असतो. धड वर जात नाही, धड मावळत नाही. झोपायला जाताना बायको डोकावते आणि विचारते, "अजून तोच?" तोच. दुसरा कुठून आणू?

विल्सन पॉइंट हे महाबळेश्वरातलं सगळ्यात उंच ठिकाण, १,४३९ मीटर. हिवाळ्यात पहाटे तिथे निम्मं पुणं शाली गुंडाळून उभं असतं आणि उरलेलं निम्मं गाडी लावायला जागा शोधत असतं. खाली दऱ्यांत धुकं तुंबलेलं, त्यातून डोंगराच्या सोंडा एकामागे एक फिकट होत गेलेल्या. सूर्य वर आला की सगळं केशरी. डोळ्यांना यात काही अडचण येत नाही. त्यांना उजेड दिसतो, दरी दिसते, शेजारच्या काकूंच्या थर्मासवरची फुलंही दिसतात. कॅमेऱ्याला यातलं एकच काहीतरी जमतं. दरी दाखवायला जावं तर सूर्याच्या जागी पांढरा चट्टा, सूर्य सांभाळावा तर दरीत अमावस्या. त्या चट्ट्याला आम्ही फोटोवाले म्हणतो, "हायलाइट्स उडालेत."

उडाले म्हणजे काय झालं? कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका ही एक एसटी धरा. प्रकाश चढत जातो, गाडी गच्च भरते, कंडक्टर घंटी मारतो. स्टँडवर मागे किती जण राहिले याची नोंद कुठल्याच डेपोत सापडत नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आत बसलेल्यांची मोजदाद फार बारकाईने करते, चौदा बिटांची असेल तर तिच्याकडे १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेग, म्हणजे नेहमीची फोटो फाइल, २५६ पायऱ्यांत गुंडाळते. पण मागे राहिलेल्यांबद्दल दोघीही गप्प.

त्यात सूर्योदयाची खोड अशी की लाल, हिरवा, निळा प्रकाश घेणाऱ्या गाड्या एकदम भरत नाहीत. सकाळचा प्रकाश हवेच्या लांबलचक थरातून येतो, निळा बराचसा वाटेतच विखुरतो. म्हणून बहुतेक वेळा लाल आधी भरते, मग हिरवी, आणि निळी सावकाश. लाल अडली आणि हिरवी चढत राहिली की केशरीचा पिवळा होतो. सूर्याभोवती जे पिवळंधमक कडं दिसतं आणि ज्याला लोक "वा, काय रंग पकडलाय!" म्हणतात, ते पुष्कळदा निव्वळ गर्दीमुळे आलेलं असतं.

मग घरी येऊन फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधला हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर धरायचा आणि डावीकडे ओढत न्यायचा. उणे वीस. उणे पन्नास. हाव सुटते, उणे शंभर. आता पांढरा चट्टा राखाडी होतो. तेज गेलं, पण तपशील काही आला नाही. मधोमध मळकट थाळी, भोवती ते पिवळं कडं, त्याच्याबाहेर करपट आभाळ. बायकोने बघितलं आणि फार प्रामाणिकपणे विचारलं, "त्या दिवशी ग्रहण होतं का रे?"

निरभ्र आकाश असतं तर सूर्य वेगळा, आकाश वेगळं, मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, मोकळे झालो असतो. धुक्यात तसं नाही. धुक्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला ढकलतात. म्हणजे सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोरचं सगळं धुकंच पेटतं. सूर्य कुठे संपला आणि धुकं कुठे सुरू झालं, याची शीव कुणालाच सांगता येत नाही. तिथे तुम्ही मास्कची कड ठेवली, की त्या कडेने काळपट पट्टा उमटतो.

२०१५ साली लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीहेझ नावाचा स्लायडर आला. काम एकच, धुरकटपणा घालवणे. आता बघा, मी ज्या धुक्यासाठी तीनचा गजर लावतो, घाटात उलटी होणाऱ्या पोराला मागच्या सीटवर घेऊन जातो, ते धुकं पुसून टाकायची सोय शंभर टक्क्यांपर्यंत उपलब्ध आहे! एकदा उत्सुकतेने उजवीकडे नेला. धुकं बाजूला झालं आणि मागून निघाला मोबाइलचा टॉवर. तेव्हापासून मी तो स्लायडर जरासा डावीकडेच नेतो. धुकं वाढतं, टॉवर जातो, आणि सूर्याजवळची ती करकरीत कड मऊ पडते.

ब्रॅकेटिंग करावं, असा सल्ला हमखास मिळतो. एक फोटो दोन स्टॉप अंडर, म्हणजे काळपट, एक बरोबर, एक दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे जास्त उजळ, आणि घरी तिन्ही जोडायचे. पण धुकं काय आपल्यासाठी थांबतं? ते तीन फोटोंत तीन जागी. शिवाय मधून माकडटोपी घातलेले एक गृहस्थ शांतपणे चालत गेले. जोडलेल्या फोटोत एकाच शालीतून तीन गृहस्थ निघाले आणि तिघांच्याही आरपार खोरं दिसत होतं.

पण या युक्तीला मी हसणार नाही. फ्रान्सचे छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात हेच केलं. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळ्या आकाशाचं इतकं वेड, की समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं. मग त्यांनी समुद्र एका निगेटिव्हवर, ढग दुसऱ्यावर, असे दोन जोडून छापले. एकच आकाश वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं सुद्धा. ते संग्रहालयात आहेत. मी तेच केलं तर आमच्या क्लबातले सर म्हणतात, "एडिट केलंय."

सरांचा लाडका प्रश्न, "सूर्यात डिटेल कुठंय?" सूर्यात कसले डिटेल, सर? त्यासाठी कोडाईकनालला सूर्याची वेधशाळा आहे. माझं स्पष्ट मत आहे की धुक्यातून तळपणारा सूर्य पांढराच असावा. त्याला झाकायला जाऊ नये, त्याच्या आसपासची उतरण तेवढी राखावी. काढतानाच एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला प्रकाश, उतरवायचं, ते लाल रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उडालेला भाग थोडा लुकलुकला तर घाबरायचं नाही, कारण ते लुकलुकणं जेपेगच्या हिशोबाचं असतं, रॉमध्ये अजून थोडी जागा शिल्लक असते. घरी हायलाइट्स उणे तीस-चाळीसला थांबवायचे आणि सूर्यावर हलकासा उबदार गोल मास्क टाकायचा. बास.

फक्त प्रिंट काढताना बघावं लागतं. २५५ ही सगळ्यात वरची, पांढरी पायरी, म्हणजे शाईच नाही, कोरा कागद. चकचकीत कागदावरचा माझा एक सूर्य तिरका धरला की भोक पडल्यासारखा दिसतो. दुकानातल्या मुलाने तो नखाने खरवडून पाहिला आणि "काका, पुन्हा काढून देऊ का?" असं विचारलं. आता छापायला देताना सगळ्यात पांढरा भाग २४५च्या आसपास आणून ठेवतो.

तर गुरुवारी रात्री फोटो एकदाचा झाला. उतरण अशी जमली होती की कुठे सूर्य संपतो ते मलाही सांगता येईना. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शुक्रवारी सकाळी सहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तोच फोटो परत पाठवला. बरोबर सूर्यावर, लाल ठसठशीत अक्षरांत 'शुभ सकाळ', खाली वाफाळता कप, कोपऱ्यात गुलाब. पाठोपाठ त्यांचा फोन आला.

"जागा झकास सोडलीस रे! पण पुढच्या वेळी सूर्य अजून जरा मोठा घे. सुविचार मावत नाही."