शेणखताच्या गोळीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेणखताच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘कुजलेल्या शेणखताच्या गोळ्या वळून त्यातलं नत्र वाढत नाही, वाळवताना जिवाणू मरतात, भाव मात्र चढतो. पुण्यात बसून लिहिणाऱ्यांनी शेणात हात घातलेला नसतो.’ मतभेद जरूर असावेत, पण ही काय भाषा झाली? तीही नाव न लावता.

एक चूक मान्य करतो. गोळी बांधायला मी काकवी लिहिली होती, तिथे मोलॅसिस, म्हणजे साखर कारखान्यातला उरलेला काळा चिकट पाक, हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मांजरी गावात आमच्या घरी सहा म्हशी होत्या आणि शाळेआधी गोठा काढणं माझ्याकडे. पाटी डोक्यावर, शेणाचं पाणी मानेवरून सदऱ्यात. दहावीच्या पेपरच्या दिवशीसुद्धा सुटका नव्हती. त्यामुळे ते वाक्य वाचून, खरं सांगतो, मला राग आला.

त्याच गोठ्याच्या उकिरड्यातलं अर्धकच्चं खत वडिलांनी एकदा उसाला घातलं. पावसाळा सरता सरता ऊस पिवळा पडला; बेट ओढलं की हातात यायचं, मुळाशी हुमणीच्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीच्या, पांढऱ्या अळ्या. तेव्हापासून ‘कुजलेलं’ या शब्दाबाबत मी हट्टी आहे. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला, काही दिवस तसाच राहिला आणि पालटत गेला, तरच तणाचं बरंचसं बी मरतं. मग चाळायचं. ओल साधारण ३० टक्के, म्हणजे मूठ आवळली की लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. त्यानंतर तिरप्या फिरत्या तव्यावर फवारा मारत गोळ्या वळायच्या. फवारा जरा जास्त झाला की ज्वारीएवढी गोळी बघता बघता लिंबाएवढी होते. हे लांबून कळत नाही हो, तव्यापाशी उभं राहावं लागतं. मी उभा असतो, रोज.

जिवाणूंचं म्हणाल तर मी भट्टी लावत नाही, सावलीत वाळवतो. नत्र वाढतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. गोळी पेरणी यंत्रातून सरीत पडते आणि वाऱ्याने उडत नाही, एवढंच म्हटलं होतं. भावाचा विषय वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

पुढची प्रतिक्रिया मात्र नाव लावून लिहा.