गिऱ्हाईक किती?

हेमेल हेम्पस्टेडहून लंडनला निघालेली लोकल किंग्ज लँग्लीला थांबली की ओव्हल्टिनच्या जुन्या कारखान्याची दर्शनी भिंत दिसते. आत आता फ्लॅट आहेत. त्याच स्टेशनाजवळ चिपचे आराखडे करणाऱ्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचं ऑफिस आहे. पुण्याहून भावाचा फोन येतो आणि बोलणं मायक्रोचिपवर घसरतं, तेव्हा मला हेच स्टेशन आठवतं.

"ताई, आपण नुसते राबतो. डिझाइन आपली पोरं करतात, मालकी दुसऱ्याची. रॉयल्टी खाणारी एक तरी कंपनी आपल्याकडे नको का?"

तक्रार खोटी नाही. इमॅजिनेशनचंच एक ऑफिस पुण्यात आहे, म्हणजे पुरावा शोधायला त्याला लांब जायला नको. सरकारच्या ७६ हजार कोटींच्या सेमिकंडक्टर योजनेत डिझाइनच्या प्रोत्साहनासाठी ठेवलेत साधारण एक हजार कोटी. त्यावर तो चिडतो, ते मला पटतं. पटत नाही ते एवढंच, की रॉयल्टीबद्दल तो जुन्या पेठेतल्या वाडामालकानं भाड्याबद्दल बोलावं तसं बोलतो. एकदा बांधलं की महिन्याच्या महिन्याला पैसे येणारच!

रॉयल्टी घेणाऱ्या या कंपन्या चिप बनवत नाहीत. चिपच्या एखाद्या भागाचा आराखडा वापरायला देतात. आधी लायसन्सची रक्कम, मग विकल्या गेलेल्या प्रत्येक चिपमागे थोडी रॉयल्टी. आज लायसन्स घेतलं तरी ती चिप बाजारात यायला दोन-तीन वर्षं सहज जातात. त्यामुळे आजची रॉयल्टी ही जुन्या सौद्याची कमाई असते. पुढचा सौदा हातचा गेला तरी ताळेबंद काही काळ छान दिसत राहतो. निकाल चांगले असूनही गुंतवणूकदार कुरकुरतात तेव्हा त्यांना हावरट म्हणायची घाई म्हणूनच मी करत नाही.

३ एप्रिल २०१७ ला इमॅजिनेशननं जाहीर केलं की ॲपल आपलं ग्राफिक्सचं तंत्रज्ञान येत्या पंधरा महिने ते दोन वर्षांत वापरणं बंद करणार आहे. आयफोनमधलं ग्राफिक्स तोवर यांच्याच आराखड्यावर चालायचं. ॲपलकडून वर्षाला सहा कोटी पौंडांच्या आसपास येत होते, म्हणजे जवळपास निम्मं उत्पन्न. त्या एका दिवसात शेअर साठ टक्क्यांहून जास्त कोसळला. गंमत म्हणजे ॲपलकडे या कंपनीचे सुमारे आठ टक्के शेअर होते. भाडेकरूच वाड्यात भागीदार! निम्मी कमाई एकाच दारातून येते हे काही गुपित नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी पंचावन्न कोटी पौंडांना कंपनी कॅन्यन ब्रिज या गुंतवणूकदार संस्थेकडे गेली. या संस्थेमागे चिनी सरकारी पैसा होता, म्हणून २०२० मध्ये संचालक मंडळावर कोण बसणार यावरून इथल्या खासदारांनी गदारोळ केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत ॲपलनं पुन्हा नवं लायसन्स घेतलं होतं, पण चर्चा रंगली ती मालक कोण यावरच. म्हणजे या बाबतीत इंग्रज आणि माझा भाऊ सारखेच.

आता त्याचा डोळा आर्मवर आहे. केंब्रिजची ही कंपनी फार मोठी, जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तिचा आराखडा. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचा महसूल चार अब्ज डॉलरच्या घरात आणि बाजारभावानं कंपनीची किंमत शंभर अब्जांच्या वर. पण २०२३ मध्ये शेअर बाजारात येताना तिनं स्वतःच लिहून दिलं होतं की पाच गिऱ्हाइकांकडून निम्म्याहून जास्त महसूल येतो, आणि एकूण महसुलातला जवळपास एक चतुर्थांश चीनमधल्या एकाच कंपनीकडून. क्वालकॉमसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाशी तिची कोर्टबाजी झाली. शिवाय आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचा 'वेगा' हे आपले प्रोसेसर उभे आहेत रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना खुल्या मानकावर, जे वापरायला लायसन्सचा पैसा पडत नाही. म्हणजे स्वदेशी मालकीची आपली सगळ्यात मोठी उमेद ज्यावर उभी आहे, ती गोष्टच आर्मच्या गुंतवणूकदारांची झोप उडवते. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला.

मग म्हणाला, "ते ठीक आहे गं. पण शेअर घेऊ की नको?"

"एखाद्या कंपनीची पाच गिऱ्हाइकं तुला नावानिशी सांगता येतील का?"

"ताई, तू ना, आईसारखी झालीयेस."

आई शिवणकाम करायची. एकाच शाळेचे गणवेश तिनं कधी घेतले नाहीत, दोन शाळांचे घ्यायची.